संत्र्याच्या कलमाचे बालपण

मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांतल्या रस्त्यांवर दरसाल एक ठरलेले दृश्य दिसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संत्र्याची कलमे दाटीने उभी केलेली असतात. त्यांच्या कोवळ्या, तजेलदार पानांवर पावसाचे थेंब चमकत असतात आणि गाडीत मालक एका हाताने कलमे सावरीत बसलेला असतो. बहुतेक गाड्या शेंदुरजनाघाटकडून येतात, कारण वरुड तालुक्यातले हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. गाडी गावात शिरली की पारावर बसलेली मंडळी मान वर करून म्हणतात, "वा! कलमा मस्त आणल्या, पाटील!"

आता या 'मस्त'चा अर्थ काय? पाने हिरवीगार आहेत, कलम कमरेएवढे उंच आहे, शेंडा लुसलुशीत आहे, एवढाच ना? कलमाचे मूळ मातीच्या हुंडीत किंवा काळ्या पिशवीत झाकलेले असते. ते कोणी पाहत नाही. पण वाचकहो, संत्र्याची बाग वीस वर्षे उभी राहणार की सातव्या वर्षी तिची सरपणाची मोळी होणार, हे पुष्कळ अंशी त्या झाकलेल्या भागात ठरलेले असते. आणि ते ठरते रोपवाटिकेतल्या पहिल्या दीड-दोन वर्षांत, कलम तुमच्या शेतात येण्यापूर्वीच.

मी भूगोलाचा अध्यापक आहे, शेतकी कॉलेजातला नव्हे. पण घर काटोलकडचे, वडील बागाईतदार. त्यामुळे हा विषय पुस्तकात भेटण्याआधी मला बांधावर भेटला, आणि जरा कडूपणानेच भेटला. ती हकीकत पुढे येईल. आधी कलम म्हणजे काय ते पाहू.

आपण ज्याला संत्र्याचे कलम म्हणतो ते एक झाड नसते, ती दोन झाडांची एकत्र गिरस्ती असते. खालचा भाग, म्हणजे मुळे आणि वीतभर खोड, जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो. त्याला आपण खुंट म्हणतो. वरचा सगळा विस्तार एका डोळ्यातून आलेला असतो, आणि हा डोळा नागपुरी संत्र्याचा. फळ कसे येणार हे डोळा ठरवतो. जमिनीशी व्यवहार करायचा, पाणी ओढायचे, अन्न शोधायचे, रोगाशी झुंजायचे, हे सगळे खुंटाकडे. डोळ्याच्या जातीची चौकशी सगळेच करतात. खुंटाची करणारा मात्र विरळा.

जंबेरीचे फळ हिवाळ्यात पिकते. पिकलेल्या फळातले बी काढून, धुऊन, सावलीत जरा सुकवून लगेच पेरावे लागते. ज्वारी-तुरीचे बियाणे आपण कणगीत वर्षभर ठेवतो, तसे हे ठेवता येत नाही. पार वाळले की त्याची उगवणशक्ती जाते. पेरल्यावर तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतो. येथे शाळेतल्या गुरुजींना मुलांना दाखवण्यासारखी एक गंमत आहे. चवळीचे बी उगवताना आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते. जंबेरीचे तसे नाही. हरभऱ्याप्रमाणे तिच्या डाळिंब्या मातीतच राहतात आणि तेथूनच कोंबाला शिदोरी पुरवतात. म्हणून पहिले काही दिवस रोपाला बाहेरच्या खताची गरजच नसते. त्या दिवसांत उत्साहाने खत टाकणारा माणूस पाळण्यातल्या बाळाला भाकरी भरवतो आहे असे समजावे.

दुसरी गंमत याहून मोठी. जंबेरीच्या एकाच बीमधून पुष्कळदा दोन किंवा तीन कोंब निघतात. यांतला एक परागसंयोगातून झालेला असू शकतो, म्हणजे त्याच्यात आई-बाप दोघांचेही गुण उतरलेले. बाकीचे मात्र निव्वळ आईच्या पेशींपासून झालेले असतात, अगदी आईची नक्कल. खुंटासाठी आपल्याला ही नक्कलच हवी असते, कारण त्यामुळे सगळी बाग एकसारखी वाढते. संयोगातून झालेले रोप बहुधा खुरटे किंवा पानांच्या आकाराने वेगळे दिसते. म्हणून चांगला रोपवाटिकावाला चार-पाच पानांचे रोप दुसऱ्या वाफ्यात किंवा पिशवीत हलवताना निर्दयपणे निवड करतो. खुरटे, वेगळे दिसणारे, मूळ मुडपलेले रोप तो फेकून देतो. "एवढी मेहनत केली, फेकू कशाला?" असे म्हणून जो सगळीच रोपे लावतो, त्याच्या मायेची किंमत पुढे दुसरेच कोणी तरी भरते.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न येतो. हे रोप वाढते कशाने? ते खाते काय?

हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ व्हान हेल्मोंट नावाचे एक विद्वान राहत होते. त्यांनी भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत वाळुंजाच्या जातीचे ५ पौंड वजनाचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. मग झाड उपटून तोलले तर ते भरले १६९ पौंडांच्या वर. आणि माती? ती वाळवून पुन्हा तोलली तेव्हा अवघी दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, कमी झालेली! हेल्मोंटांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. त्यांचा हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष अर्धा चुकला, पण प्रयोग मोलाचा ठरला. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की झाडाच्या सुक्या वजनाचा फार मोठा भाग हवेतल्या कर्बवायूपासून आणि पाण्यापासून तयार होतो. हिरव्या पानात उन्हाच्या जोरावर साखर शिजते आणि त्या साखरेतूनच लाकूड, साल, मूळ, फळ सगळे घडते. म्हणजे पान हे झाडाचे चूलघर आहे. मग ते दोन औंस कशाचे? ते नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, लोह, जस्त अशा जिनसांचे. वजनाने क्षुल्लक, पण त्यांच्यावाचून चूल पेटत नाही. घरात दोन पोती धान्य आहे पण मीठ नाही, काडीपेटी नाही, अशी स्थिती होते. रोपवाटिकेतली खताची सगळी विद्या या दोन औंसांभोवती फिरते.

आणि येथे मला माझ्या विषयाकडे वळावेच लागेल. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलेले आहे. पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूला फार जुना स्फटिकमय खडक आहे. पश्चिमेकडे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा काळा पत्थर सुरू होतो. शहरातली सीताबर्डीची टेकडी याच काळ्या पत्थराची. हा पत्थर झिजून काळी माती झाली आणि आपला संत्र्याचा मुलूख बहुतांशी याच बाजूला पसरला. काळी माती ओल धरते, तिच्यात चुन्याचा अंश आणि पालाश असतो. पण तिचे दोन दुर्गुण आहेत. चिकणमातीचे प्रमाण जास्त म्हणून ती पाण्याने फुगते, तिच्यातली हवा कोंडते. आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे असतात. शेतात नांगर फिरवताना पांढरे गोटे वर येतात ना, तेच.

ही चुनखडी मातीला अल्कधर्मी करते. अशा मातीत लोह आणि जस्त असतात, पण पाण्यात विरघळत नाहीत. मूळ विरघळलेलेच अन्न घेऊ शकते. म्हणजे कोठार भरलेले, पण कुलूप घातलेले. त्यात पाणी जास्त दिले आणि माती चिखल झाली की कुलूप आणखी घट्ट होते. रोप पिवळे पडले म्हणून आणखी पाणी देणाऱ्याच्या हातून नेमके हेच घडते.

मग कोणती जिन्नस कमी पडली हे ओळखायचे कसे? पान सांगते. फक्त आधी हे पाहावे की पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या. नत्र आणि मॅग्नेशियम यांचा स्वभाव घरातल्या म्हातारीसारखा. टंचाई आली की जुने पान आपल्या ताटातला घास काढून नव्या पानाला पाठवते आणि स्वतः पिवळे पडते. सगळे जुने पान सारखे फिके पडले तर नत्र कमी. पानाच्या कडा पिवळ्या पण देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहिला, तर मॅग्नेशियम कमी. लोह आणि जस्त मात्र एकदा पानात बसले की सहसा तेथून हलत नाहीत. म्हणून त्यांची टंचाई नव्या पानांवर दिसते. नवे पान सगळे पिवळे आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, हे लोहाचे लक्षण. पाने लहान, अरुंद, शेंड्याला गच्च जमलेली आणि शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे, हे जस्ताचे. आपल्या भागात जस्ताची उणीव फार आढळते, आणि स्फुरदाचे खत वारेमाप टाकले तर ती वाढते.

लोह-जस्ताचे औषध मातीत टाकले तर चुनखडी त्यालाही कुलूप लावते. म्हणून ते पानांवर फवारतात. जस्तासाठी दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विझवलेला चुना गाळून मिसळावा. चुना नसेल तर कोवळी पाने जळतात. फवारणी नवतीची पाने उलगडून पुरती मोठी झाल्यावर, पण अजून कोवळी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी करावी.

नवती म्हटले म्हणून सांगतो. संत्र्याचे रोप एकसारखे वाढत नाही, ते टप्प्याटप्प्याने वाढते. एक नवती येते, तिची पाने पक्की होतात, मग शेंडा थांबतो. पाहणाऱ्याला वाटते रोप रुसले. पण शेंडा थांबला की पुष्कळदा खाली मुळांची वाढ जोर धरते. पानांनी साखर शिजवली, ती आता खाली चालली आहे. मूळ वाढले की पुन्हा वर नवती. हा पाळणा असा वर-खाली हलत असतो. ज्या माणसाला शेंड्याचा थांबा सहन होत नाही तो युरियाचा मूठभर मारा करतो. शेंडा पुन्हा पळू लागतो आणि मुळाची पाळी हुकते.

आता मुळांबद्दल, कारण खरे नाट्य तेथेच आहे. ज्वारीचे मूळ उपटून पाहा, त्यावर मऊ बारीक केस दिसतात. त्या केसांनी मूळ मातीच्या कणाकणाला भिडते. संत्रा-लिंबाच्या कुळात हे केस थोडे आणि आखूड. मग हे झाड पोट कसे भरते? त्याने एक भागीदार धरला आहे. मातीत मायकोरायझा नावाची एक उपकारक बुरशी असते. ती मुळाच्या आत शिरते, पण रोग करीत नाही. तिचे सुतापेक्षा बारीक धागे मुळापासून दूरवर मातीत पसरतात, तेथून स्फुरद आणि जस्त गोळा करून मुळाला आणून देतात आणि मोबदल्यात पानांनी शिजवलेली साखर घेतात.

हा व्यवहार किती महत्त्वाचा आहे हे कळायला एक फजिती कारण झाली. अमेरिकेत रोपवाटिकेतले रोगजंतू मारण्यासाठी मातीला विषारी धुरी देण्याची पद्धत पडली होती. माती स्वच्छ झाली, रोग गेला, पण लिंबूवर्गाची रोपे खुरटू लागली. काय बिघडले ते कळेना. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमान या दोघा संशोधकांनी आपला शोध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की धुरीने चोरांबरोबर घरचा भागीदारही मारला गेला होता. ती बुरशी पुन्हा मातीत मिसळली तेव्हा रोपे वाढीला लागली.

म्हणून आपल्याकडे माती शुद्ध करायला विषाऐवजी उन्हाचा उपाय सांगतात, आणि उन्हाला विदर्भात तोटा नाही! मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. माती, रेती आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून ओले करायचे आणि पारदर्शक पॉलिथीनखाली एप्रिल-मेमध्ये सुमारे सहा आठवडे तापू द्यायचे. कडा मातीने नीट दाबायच्या, नाही तर वाफ निघून जाते. यात उपद्रवी बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी पुष्कळ प्रमाणात मरते. उपकारक बुरशीचे तयार संवर्धक हल्ली विकत मिळते, ते नंतर मिसळता येते. नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ साली एक प्रयोगकेंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. पिशवीतल्या निरोगी कलमांची पद्धत आपल्या भागात रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. सवड काढून एकदा तेथे जाऊन यावे. शाळेची सहल न्यायला तर फारच चांगली जागा.

आता ती कडू हकीकत. मी दहावीत होतो. बाबांनी दोन एकर नवी बाग लावायची ठरवली. दीडशे कलमे एका रोपवाटिकेतून आणली. कोणत्या ते सांगण्यात अर्थ नाही. उंच, तजेलदार, किंमतही बेताची. ऐंशी कलमे कमी पडली ती मामाजींनी आपल्या घरच्या वाफ्यातून दिली. मामाजींची कलमे दिसायला दरिद्री. गुडघ्याच्या जरा वर, पाने जाड आणि काळपट हिरवी. बाबा त्यांना हसले. मामाजी एवढेच म्हणाले, "भाऊजी, झाड वरून नका पाहू. मुळी पाहा."

पहिली तीन वर्षे बाबांचे हसणे बरोबर ठरले. विकतची कलमे पुढे होती. चौथ्या वर्षी दोन्ही सारखी झाली. सहाव्या वर्षी, जेव्हा पहिला खरा बहार धरायचा, तेव्हा पावसाळ्यात विकतच्या झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहू लागला. पाने पिवळी पडून गळाली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. दोन वर्षांत त्या दीडशेपैकी निम्म्याहून अधिक झाडे गेली. मामाजींच्या ऐंशीपैकी सात. सहा वर्षे त्या जमिनीने एक दाणा दिला नव्हता, ओलिताचा आणि मजुरीचा खर्च तेवढा घेतला होता. माझ्या धाकट्या बहिणीचे कॉलेज त्या वर्षी एक वर्ष लांबले. बाबांनी मेलेले एक झाड खणून काढले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. सोटमूळ पिशवीच्या तळाशी जसे वेटोळे घेऊन बसले होते तसेच सहा वर्षांनंतरही होते. तंतुमुळे कुजून सालपट निघत होते. आणि डोळा बांधल्याची खूण जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर.

या शेवटच्या गोष्टीचे कारण समजून घेतले पाहिजे. डिंक्या आणि मूळकूज हे रोग फायटोफ्थोरा नावाच्या जीवाने होतात. तो ओल्या मातीत राहतो आणि त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत जातात. साचलेले पाणी ही त्याची राजरस्त्याची वाहतूक. पावसाच्या थेंबाबरोबर माती उडते आणि बुंध्यावर चिकटते. नागपुरी संत्र्याची साल या रोगाला लवकर बळी पडते. डोळा जर चार बोटांवर बांधला असेल, तर वर्षा-दोन वर्षांत माती चढून संत्र्याची साल थेट ओलीत जाते. म्हणून डोळा जमिनीपासून किमान २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे चांगली वीतभर उंचीवर बांधावा. मग खाली बांधतात कशाला? कारण खाली खोड लवकर पेन्सिलीएवढे जाड होते. वीतभर उंचीवर तेवढी जाडी यायला आणखी काही महिने थांबावे लागते. घाई आणि उंची यांचा हिशेब आहे सगळा. युरियाचा मारा करून रोप झपाट्याने वाढवणे हीही तीच घाई. नत्र जास्त झाले की साखर शेंड्याकडे पळते, मूळ उपाशी राहते. पेशी मऊ, पाणीदार होतात, आणि नागअळी, मावा, सायला यांना अशा कोवळ्या नवतीसारखे दुसरे पक्वान्न नाही.

याचा अर्थ नत्र देऊच नये असा कोणी घेऊ नका. शिदोरी संपल्यावर रोपाला सगळ्यांत जास्त भूक नत्राचीच असते. प्रश्न मात्रेचा आहे. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम युरिया विरघळवून थोडे थोडे, नवती यायच्या सुमारास द्यावे. कोरडी मूठ बुंध्याशी टाकू नये. पिशवीतली माती ती केवढी! कोरड्या खताने तिच्यातली खारट तीव्रता इतकी वाढते की मूळ पाणी ओढण्याऐवजी घालवू लागते. लोणच्याच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी सुटते तसे.

डोळा बांधण्याचे कसब हाताने शिकायचे असते, लिहून सांगण्यात फारसे हशील नाही. एवढेच सांगतो की खुंटात रस खेळत असला म्हणजे साल सहज सुटते, आणि तीच बांधणीची वेळ. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावे. डोळा हिरवा असेल तर लागला. त्या वेळी खुंटाचा वरचा शेंडा एकदम छाटून टाकण्याची कित्येकांना घाई असते. पण तोपर्यंत मुळाला साखर पुरवणारी पाने खुंटाचीच असतात ना? म्हणून शेंडा वाकवून ठेवतात किंवा अर्धवट कापतात, म्हणजे डोळ्याला जाग येते आणि मूळही उपाशी मरत नाही. डोळ्याला स्वतःची पाने आली की मग खुंटाचा शेंडा पूर्ण कापावा.

डोळा कोणत्या झाडाचा, हेही विचारायला हवे. ट्रिस्टेझा, ग्रीनिंग असे रोग डोळ्यातूनच नव्या कलमात उतरतात आणि त्यांवर शेतात उपाय नाही. महाराष्ट्रात १९६९ साली फळरोपवाटिकांसाठी कायदा झाला. त्याप्रमाणे रोपवाटिकेला परवाना लागतो. परवाना पाहायला मागण्यात कसला संकोच? आपण लुगडे घेतानाही काठ तपासतोच की.

गुरुजींसाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च जवळजवळ नाही. जंबेरीची दोन सारखी रोपे दोन सारख्या डब्यांत लावा. डब्यांना खाली भोके पाडायला विसरू नका. दोन्हींत माती, रेती, शेणखत सारखेच. एकाला दर आठवड्याला वर सांगितलेल्या युरियाच्या पाण्याचा पेलाभर खुराक द्या, दुसऱ्याला महिन्यातून एकदाच, एरवी साधे पाणी. चार महिने मुलांना दर शनिवारी उंची मोजून वहीत लिहू द्या. मग दोन्ही रोपे पाण्यात सोडून माती हलकेच धुवा, मूळ आणि शेंडा वेगळे कापा, उन्हात वाळवा आणि सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोला. वहीतले उंचीचे आकडे आणि काट्यावरचे मुळाचे आकडे शेजारी शेजारी फळ्यावर मांडा. मुले काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असते. माझ्या ओळखीच्या एका शाळेत एका मुलीने विचारले, "सर, मग उंच रोप नापास का?" तिला मी म्हणालो की नापास नाही, पण त्याचे मूळ शेंड्याला पुरेल का ते तूच भागाकार करून सांग.

राहता राहिली खरेदी. कलम घेताना खुंट विचारा, डोळ्याची उंची वितीने मोजा, जोड सारखा भरला आहे की गाठ आली आहे ते बोटाने चाचपून पाहा. पिशवी असेल तर खालून मुळे बाहेर पडून आत गुंडाळली आहेत का ते बघा. वेटोळे झालेले मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही. लावताना पिशवी काढून तळाची गुंडाळी धारदार चाकूने कापावी आणि जोड मातीच्या वर चांगला राहील असे लावावे. मातीची हुंडी असेल तर ती फुटलेली नको. तंतुमुळे तुटली की पाने जेवढे पाणी उडवतात तेवढे ओढायला खाली कोणी उरत नाही.

बाबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गेल्या पावसाळ्याआधी धाकट्या काकांसाठी कलमे घ्यायची होती, म्हणून त्यांना सोबत नेले होते. रोपवाटिकेत पोचल्यावर त्यांनी हिरव्या रांगांकडे पाहिलेसुद्धा नाही. एक बादली पाणी मागितले. रांगेतले मधलेच एक कलम उचलले, त्याचे पैसे आधी मालकाच्या हातावर ठेवले, आणि पिशवी फाडून मुळासकट ते बादलीत बुडवले. माती सुटू लागली तसे ते खाली वाकून बोटांनी एकेक मुळी मोकळी करू लागले. पिवळसर पांढऱ्या, दाट, ताज्या तंतुमुळ्या पाण्यात पसरल्या. मालक शेजारी उभा होता. तो हसून म्हणाला, "आजोबा, एवढं तर पोरगी पाहायलाही कोणी पाहत नाही." बाबांनी हात पुसले आणि पिशव्या मोजायला सांगितले.